तांबडं फुटायच्या आधी जास्वंद

आदल्या संध्याकाळीच एक कळी हेरून ठेवा. जास्वंदीची उद्या उमलणारी कळी ओळखायला अवघड नाही. खालच्या हिरव्या वाटीतून लाल टोक चांगलं वर आलेलं असतं आणि पाकळ्या एकमेकींवर पीळ घालून घट्ट गुंडाळलेल्या असतात. परवाची कळी अजून वाटीतच असते. झाडावर पाच-सात कळ्या असतील, त्यांतली एकच निवडा. हवं तर तिच्या देठाला लोकरीचा धागा सैलसर बांधा. बाकीच्या देवाच्या, शेजारच्या काकूंच्या, आणि पहाटे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन फिरायला निघणाऱ्या, फिरता फिरता लोकांच्या कुंपणात हात घालणाऱ्या मंडळींच्या. त्यांच्याविषयी मला पुष्कळ बोलायचं आहे, पण आज नको.

धागा अशासाठी, की घरच्या बागेत फोटो काढणाऱ्याला फुलं कधी कमी पडत नाहीत, जास्तच होतात. श्रावण-भाद्रपदात घराभोवती चार हात जागा असली तरी तगर, गोकर्ण, तेरडा, सदाफुली, कर्दळ, अबोली सगळे एकदम हजर. नजर इकडून तिकडे धावते, बोट सुटतं, आणि अर्ध्या तासात फोनमध्ये इतके फोटो साठतात की त्यांतला एकही पुन्हा उघडून बघितला जात नाही. आज आपण एका फुलापाशी बसणार आहोत. दिवसभर ठाण मांडून नव्हे, कामं उरकत, येऊन-जाऊन. अंगण नसेल, खिडकीच्या ग्रिलमध्ये एक कुंडी असेल, तरी चालेल. जास्वंद कुंडीतही मन लावून फुलते.

पहाटे, तांबडं फुटायच्या आधी उठा. चहा नंतर. बाहेरचा दिवा लावू नका आणि फोन घरातच राहू द्या. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात, आणि फोनच्या पडद्याकडे एकदा पाहिलंत की ही सगळी कमाई वाया जाते. पाट, स्टूल, पायरी, जे असेल त्यावर बसा. पावलं जमिनीला लागू द्या. पावसाळ्यातली फरशी गार लागेल. डास चावतील, त्यासाठी काही मलम चोपडून बसा, मननात त्यानं उणं येत नाही. श्वासाचं वेगळं काही करायचं नाही, तो आपला चालू आहे.

आता बघा. शोधू नका, नुसतं बघा. सगळ्यात आधी तगर दिसेल. झाड दिसणार नाही, फांदी दिसणार नाही, फक्त पांढरे ठिपके अधांतरी. मग काळ्यातून पानांचे आकार सुटे होतील. काल जिथे कळी हेरली होती तिथे नजर न्या. तिथे काहीच नाही असं वाटेल. रोखून पाहिलंत तर जे थोडं जाणवत होतं तेही नाहीसं होईल. म्हणून नजर जरा बाजूला, शेजारच्या पानावर ठेवा, आणि लक्ष मात्र फुलाकडे असू द्या. मग कळेल, पानांपेक्षाही काळं असं काहीतरी तिथे आहे. तीच तुमची लाल जास्वंद. भर दिवसा सगळ्या बागेत पहिली डोळ्यांत भरणारी ती या घडीला सगळ्यांच्या मागे उभी आहे.

यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञानं १९व्या शतकाच्या सुरुवातीला हेच पाहिलं. पहाटे विचार करत तो बोहेमियातल्या फुललेल्या शेतांमधून लांबवर फिरायला जायचा, असं सांगतात. उन्हात भडक लाल दिसणारी त्याची आवडती फुलं पहाटे काळपट दिसतात आणि त्यांची पानं मात्र त्यांच्याहून उजळ, हे त्याच्या ध्यानात आलं. आपण ही गोष्ट रोज बघतो आणि रोज सोडून देतो. त्यानं सोडली नाही, म्हणून आज ती त्याच्या नावानं ओळखली जाते. कारण नंतर उलगडलं. डोळ्यांच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधारात काम करतात, त्यांना एकट्यानं रंग सांगता येत नाही. या दंडपेशींना निळसर-हिरवा उजेड सगळ्यात चांगला जाणवतो आणि लाल जवळजवळ जाणवतच नाही. शिवाय नजरेच्या नेमक्या मध्यावर दंडपेशी नसतातच, म्हणून अंधारात रोखून पाहिलेली वस्तू हरवते आणि कडेनं पाहिलेली सापडते.

हे कळलं, आता बाजूला ठेवा आणि पुन्हा फुलाकडे या.

पूर्वेला फटफटायला लागलं असेल. बुलबुल बोलायला लागतील, कुणाच्या तरी घरी पाण्याची मोटर सुरू होईल, दूधवाल्याची गाडी जाईल. यातलं काहीही अडवायचं नाही. या सगळ्यात कधीतरी जास्वंदीला रंग येईल. तो क्षण पकडायचा प्रयत्न करून बघा. तो पकडता येत नाही. दुधावर लक्ष ठेवून उभं राहावं आणि नजर वळली तेवढ्यात ते उतू जावं, तसं होतं. आत्तापर्यंत काळं होतं. मग काळ्यात काहीतरी ऊब आली. मग गडद तपकिरी. आणि मग एकदम लक्षात येतं की हे लाल झालेलं आहे, आणि कधी झालं ते आपण सांगू शकत नाही.

इथे थांबा. थोड्या वेळापूर्वी हा लाल कुठे होता? फुलात होता म्हणावं तर आपण समोर बसलो होतो, आपल्याला तो दिसला नाही. उजेडात होता म्हणावं तर तोच उजेड पानावरही पडला, पान लाल झालं नाही. डोळ्यांत होता म्हणावं, तर डोळे मिटून बघा. उत्तर काढायची घाई नाही. प्रश्न मांडीवर घेऊन बसण्यापुरताच आहे.

याच वेळी घरातलं कुणी उठून आलं आणि त्यानं फोन काढून फुलाचा फोटो घेतला, तर एक गंमत होईल. हल्लीचे फोन कमी उजेडात एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकत्र मिसळतात. त्यामुळे तुम्हाला जे फूल काळं दिसत होतं ते पडद्यावर लख्ख लाल येईल. फोन खोटं बोलत नाही. त्याच्या संवेदकावर पडलेला लाल उजेड त्यानं थेंबाथेंबानं गोळा केला. तुमचे डोळेही खोटं बोलत नव्हते. पण तुम्ही ज्या पहाटेत बसला होतात ती पहाट त्या फोटोत नाही. ती हवी असेल तर रात्रीची सोय बंद करून, उजेड मुद्दाम कमी ठेवून, काळपट फोटो काढावा लागतो. तसा फोटो घरच्या मंडळींना दाखवलात तर ‘अंधारच आलाय की’ असं ऐकायची तयारी ठेवा.

चहा घेऊन या.

आता चांगलं उजाडलंय. फूल पुरतं उमललंय. फोन किंवा कॅमेरा जवळ असू द्या, पण हातात नको. फुलाच्या इतकं जवळ जा की बाकी काही दिसणार नाही. पाच पाकळ्या, एकीची कड दुसरीच्या कडेखाली. मधून निघालेला लांब दांडा, त्याच्या वरच्या निम्म्या भागावर परागांचे पिवळे पुंजके, आणि अगदी टोकाला पाच छोट्या मखमली लाल गाठी. पाचच, मोजून बघा. पाकळीवर बुडाकडून कडेकडे जाणाऱ्या शिरा. बुडाशी रंग इतका गडद की काळा म्हणावा. पाकळीची कड थोडी चुरगळलेली, कारण ती रात्रभर पीळ घालून बसली होती. देठावर पांढरा, कापसासारखा थर असेल तर तो पिठ्या ढेकूण, आणि त्याच्याभोवती मुंग्यांची ये-जा असेल, कारण तो सोडत असलेला गोड रस त्यांना हवा असतो. फोटोसाठी म्हणून ते पुसू नका. फवारणी संध्याकाळी करता येईल.

एवढ्यात एखादी मधमाशी येईल. तिच्यासाठी ही जास्वंद लाल नाही. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९१४च्या सुमारास राखाडी कागदांच्या चौकोनांमध्ये एक निळा ठेवून, त्यावर साखरपाणी देऊन मधमाश्यांना रंग कळतो हे दाखवलं. पण लाल त्यांना काळ्यातून वेगळा काढता येत नव्हता. (त्याला नोबेल मिळालं ते १९७३ साली, म्हणजे फुलांपाशी बसायची चिकाटी त्याच्यातही होतीच.) त्याऐवजी तिला अतिनील दिसतो, जो आपल्याला दिसत नाही. लालभडक जास्वंद मुळात पक्ष्यांसाठी आहे. शिंजीर येईल, चिवचिवत येईल, आणि पुष्कळदा समोरून न जाता देठाकडून चोच खुपसून मध पळवेल. पराग न्यायचं काम अंगावर न घेता. कुंपणात हात घालणारी मंडळी इथेही आहेतच.

म्हणजे सकाळच्या त्याच प्रश्नावर आपण पुन्हा आलो, फक्त आता उजेडात. एकाच फुलापाशी तुम्ही, मधमाशी आणि शिंजीर, आणि तिघांपुढे तीन फुलं. चौथा साक्षीदार तुमच्या हातात येणार आहे. त्याला काय दिसतं?

फोनच्या कॅमेऱ्याला रंग मुळीच दिसत नाही. त्याचा संवेदक फक्त उजेड कमी-जास्त मोजतो. त्याच्या बारीक बारीक घरांवर लाल, हिरव्या आणि निळ्या काचा बसवलेल्या असतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यानं ही मांडणी शोधली आणि १९७६ साली तिचं पेटंट झालं. निम्म्या घरांवर हिरवी काच, पाव घरांवर लाल, पाव घरांवर निळी. हिरव्याला जास्त जागा, कारण माणसाच्या डोळ्यालाही बारकावे मुख्यतः त्याच पट्ट्यातून कळतात. आता अशा संवेदकापुढे भरगच्च लाल जास्वंद धरा. हिरव्या आणि निळ्या घरांत जवळजवळ काही येत नाही. कॅमेऱ्याला वाटतं, चित्र अंधारलेलं आहे, उजेड वाढवू या. तो वाढवतो, आणि लाल घरं काठोकाठ भरून वाहतात. एकदा भरली की कमी लाल, जास्त लाल, शीर, सावली, सगळं एकच. म्हणूनच घरोघरच्या फोटोंत जास्वंद लाल रंगाचा सपाट डाग दिसते, आणि दोष मात्र फोनच्या किमतीला दिला जातो.

उपाय फुकट आहे. पडद्यावर फुलावर बोट टेकवा. सूर्याचं छोटं चिन्ह येईल, ते खाली ओढा. फूल तुम्हाला थोडं अंधारं वाटेपर्यंत ओढा. ओढताना डोळे पडद्यावरच्या एका पाकळीवर ठेवा: शिरा परत येतात, बुडाचा काळेपणा परत येतो, कडेची चुरगळ परत येते. हे हळू करा. उजेड कमी करत गेलं की फूल पुन्हा वर येतं, हे एकदा बोटाला कळलं की फोटोग्राफीचं एखादं पुस्तक वाचल्याइतकं काम झालं.

तीन काचांमधून रंग उभा करायची ही युक्ती जुनी आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानं १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका चौकडीच्या फितीचा रंगीत फोटो पडद्यावर दाखवला. थॉमस सटन यानं त्या फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळे कृष्णधवल फोटो काढले होते. ते त्याच रंगांच्या उजेडातून एकावर एक पाडले, आणि रंग दिसले. अडचण एवढीच, की त्या काळच्या रसायनाला लाल उजेड जाणवतच नव्हता. मग लाल आला कुठून? शंभर वर्षांनी, १९६१ साली, कोडॅकमधल्या संशोधकांनी ते कोडं सोडवलं. फितीतला लाल रंग अतिनील उजेडही परावर्तित करत होता आणि लाल गाळणीतून तो पलीकडे जात होता. पहिल्या रंगीत फोटोतला लाल हा माणसाला न दिसणाऱ्या, मधमाशीला दिसणाऱ्या उजेडानं काढलेला होता. समोर जास्वंदीवर मधमाशी बसलेली असताना ही गोष्ट आठवली की मला बरं वाटतं. का, ते नीट सांगता येत नाही. पुढे १९०७ साली ल्युमिएर बंधूंनी बाजारात आणलेल्या रंगीत काचांवर तर रंगवलेले बटाट्याच्या स्टार्चचे कण होते. तेव्हाची कितीतरी बागांची चित्रं त्या बटाट्यातून गाळून आलेली आहेत.

आता पहिला फोटो काढा. वारा असेल तर थांबा. झुळूक येते आणि जाते, मध्ये फूल क्षणभर स्थिर होतं. तो क्षण दोन-तीन झुळकांनंतर आपोआप हाताला कळायला लागतो. मागे काय येतंय ते बघा. घरची बाग म्हटली की मागे निळा पाइप, उपडी बादली, वाळत घातलेले पंचे असणारच. ते हलवायच्या आधी स्वतः वीतभर सरका. वीतभरानं मागची सगळी दुनिया बदलते. उघड्या दाराचा अंधार फुलामागे आला तर त्याहून चांगला पडदा विकत मिळत नाही. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा: काय स्पष्ट हवंय? इतक्या जवळून टोकाच्या पाच गाठी आणि पाकळीच्या शिरा दोन्ही स्पष्ट येत नाहीत. एक सोडावं लागतं. काय सोडलं ते ठाऊक असलं म्हणजे झालं.

एकदा रंग काढूनही बघा. फोनमध्ये कृष्णधवलची सोय असते, ती लावा. इमोजन कनिंगहॅम ही अमेरिकन छायाचित्रकार १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला राहत होती. घरात तीन मुलगे, त्यांतले दोघे जुळे. लांब जाऊन काम करणं जमत नव्हतं, तेव्हा ती घरच्या बागेतल्या झाडांकडे वळली. मॅग्नोलियाच्या फुलाचा तिचा १९२५चा फोटो जगभर ओळखला जातो, आणि त्यात रंग नाही. पाकळ्यांच्या वाटीत उभा असलेला मधला शंकू, त्याच्यावरची वळलेली टोकं, आणि पाकळीच्या आतल्या बाजूनं घरंगळणारा उजेड, एवढंच. पोरं अंगणात आणि आई फुलापाशी, हे चित्र आपल्याकडे काही अनोळखी नाही. फक्त आपल्याकडे आईच्या हातात परडी असते. जास्वंदीचा रंग काढून घेतला की तिचा आकार पहिल्यांदा दिसतो, असा माझा अनुभव आहे. पीळ सुटताना पाकळ्या कशा वळल्या हे लाल रंग बघूच देत नाही. दोन मिनिटं रंगाविना बघा आणि मग रंग परत लावा. परत आलेला लाल पहिल्यासारखा राहत नाही.

जाता जाता तगरीपाशी. तिथे सगळं उलटं. पांढऱ्यानं पडदा भरला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो तगरीला मळकी करून टाकतो. तेव्हा सूर्याचं चिन्ह वर ओढा, थोडंसंच. मग खाली पडलेल्या फुलाची एक पाकळी घ्या आणि चिमटीत धरून हलकेच चोळा. पांढरा रंग जाईल. बोटांमध्ये ओलसर, काचेसारखा आरपार दिसणारा तुकडा उरेल. तगरीच्या पाकळीत पांढरा रंग कधी नव्हताच. पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांवरून उजेड चहूकडे विखुरत होता, तो आपल्याला पांढरा दिसत होता. तुम्ही हवा दाबून बाहेर काढलीत, पांढरा संपला. त्या तुकड्याकडे जरा वेळ बघत बसा. (तगर तोडून घेतली असेल तर देठाला चीक असतो, हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.)

दुपारी काही करू नका. डोक्यावरच्या उन्हात फुलांचे फोटो चांगले येत नाहीत. निम्मी पाकळी जळते, निम्मी सावलीत बुडते. फारच राहवत नसेल तर ऊन आणि फूल यांच्यामध्ये पांढरा पंचा धरायला कुणाला तरी उभं करा. आभाळ भरून आलं असेल तर पंचाही नको, पावसाळ्याचे ढग तेच काम फुकटात करतात. पिचकारीनं पाकळ्यांवर पाणी मारून दव म्हणून फोटो काढणारे लोक आहेत. तो थेंब ओळखू येतो. पाऊस काही दूर नसतो, थोडं थांबावं.

चारच्या सुमाराला परत या. गुलबक्षी उमलायला लागलेली असेल. तिला घड्याळ लागत नाही. एकाच झाडावर पिवळी, राणी रंगाची आणि दोन्हींचे शिंतोडे उडालेली फुलं असतील तर फोटो कशाचा काढायचा हा प्रश्न पडतोच. एकच फूल निवडा, सवय झाली आहे आता. गुलबक्षीत आपण ज्याला पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नव्हेत, तो रंगीत झालेला निदलपुंज आहे. तिचा रंगही जास्वंदीच्या घराण्यातला नाही, तो बिटाच्या घराण्यातला आहे. बोगनवेल आणि सकाळी दहाला उघडणारं ऑफिस टाइम ही तिची भावंडं याबाबतीत. गोकर्णाचं पुन्हा निराळं: त्याच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, हे आता चहाच्या निमित्तानं घरोघरी माहीत झालंय. थोड्या आंबटानंही बदलतो तो रंग फुलाचा कायमचा गुण म्हणायचा का, हा विचार स्वयंपाकघरात करता येईल.

कुंपणावर मधुमालती असेल तर तिच्यापाशी मात्र जरूर थांबा. तिचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. एका घोसात तिन्ही. म्हणजे आजची संध्याकाळ, काल आणि परवा एकाच फोटोत येतात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. मधुमालतीचे तीन दिवस तीन रंगांचे, तिला कुणी काही म्हणत नाही. तेरड्यावर थोडा अन्याय झाला आहे. गौरी त्याच्याशिवाय येत नाहीत कोकणात, तेवढं तरी लक्षात ठेवावं.

संध्याकाळी जास्वंदीकडे वळा. ती मिटायला लागलेली असेल. बहुतेक जास्वंदींचं आयुष्य एका दिवसाचं. सकाळी ज्या पाकळ्या पीळ सोडून उलगडल्या त्या आता आतल्या बाजूला वळतात, लाल रंगात जांभळट छटा येते, कडा मऊ पडतात. दांडा अजून ताठ असतो. हा फोटो सहसा कुणी काढत नाही. काढा. सकाळच्याच जागी बसून, सकाळच्याच अंतरावरून. उजेड पुन्हा उतरत असेल, आणि थोडं बसलात तर लाल पुन्हा काळपट होत जाईल, पानं मागे राहतील, तगर सगळ्यांत शेवटी दिसेनाशी होईल. सकाळचं सगळं उलट्या क्रमानं. आता कारण ठाऊक आहे, तरी बघायला काही कमी वाटत नाही.

रात्री मोठ्या घरगुती सोहळ्याचा एखादा दिवस असेल, म्हणजे कुंडीतलं ब्रह्मकमळ उमलायचं असेल, तर शेजारीपाजारी जमतील, कुणी आरतीही करेल. (हे आपलं ब्रह्मकमळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग, हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. पण त्यावरून शेजाऱ्यांशी वाद घालू नये.) फ्लॅश मारू नका, फूल कागदाचं दिसतं. कुणाला तरी बाजूनं विजेरी धरायला सांगा, विजेरीवर रुमाल.

आता दिवसाचे फोटो उघडा. फार नसतील. रंग भडक करायची पट्टी समोर असेल आणि बोट तिकडे जाईल, कारण शुभ सकाळच्या संदेशांनी आपली नजर तशीच वाढवली आहे. त्यातला गुलाब इतका लाल असतो की गुलाबालाही ओळख पटू नये. त्या पट्टीला हात लावण्याआधी डोळे मिटून सकाळची पाकळी आठवा, बुडाशी काळी, शिरा उठलेल्या. त्याच्या जवळ जाण्यापुरतंच काय ते करा.

आणि दोन फोटो ठेवा, एक सकाळचा, एक मिटतानाचा. तारीख आणि वेळ फोन आपणहून नोंदवतो, पण आभाळ कसं होतं, ऊन कुठून येत होतं, झाड सावलीत होतं की नाही, हे त्याला कळत नाही. ते वहीत लिहा: जास्वंद, साधी लाल, सकाळी ६.५०, भरलेलं आभाळ, पूर्वेची भिंत. एक ओळ पुरे. पुढच्या श्रावणात त्याच झाडापाशी, त्याच वेळेला बसून ती ताडून बघता येते.